नोकरी सोडून पॉल ग्रॅहम व्हायचंय

(पत्र लांब होतं, कामापुरतं देतोय.)

"दादा, नमस्कार. मी ३१ वर्षांचा, हिंजवडीत एका आयटी कंपनीत बॅकएंडचं (ॲपमागे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं) काम करतो, आठ वर्षं झाली. काम जमतं पण मन उडालंय. दिवसभर कॉल, उरल्या वेळात कोडिंग. गेल्या वर्षी पॉल ग्रॅहमचे निबंध वाचायला लागलो आणि झोप उडाली. प्रोग्रामर, मग स्टार्टअप, मग इन्व्हेस्टर, आणि वर लेखक. मला अगदी असंच आयुष्य हवंय. वाकडला फ्लॅट घ्यायचा म्हणून मी आणि बायकोने मिळून १८ लाख साठवलेत. प्लॅन असा की नोकरी सोडायची, पूर्ण वेळ इंग्रजीत निबंध लिहायचे (मराठीत कोण वाचणार?), आणि त्या पैशातून छोट्या स्टार्टअपमध्ये एंजल इन्व्हेस्टमेंट करायची, म्हणजे कंपनी नवी असतानाच आपले पैसे घालून हिस्सा घ्यायचा. कॉलेजचा एक मित्र त्याच्या कंपनीसाठी ५ लाख मागतोय, कंपनीत २ टक्के हिस्सा देतो म्हणतोय, महिनाअखेरपर्यंत सांग म्हणाला. बायको बँकेत आहे, ती म्हणते डोकं फिरलंय का. वडिलांनी तर बोलणंच टाकलंय. लिंक्डइनवर मी फाउंडर लोकांसाठी पोस्ट टाकतो, बऱ्यापैकी लाइक येतात. ग्रॅहमनेही नोकरी सोडलीच होती ना? मग माझं चुकतंय कुठे?"
– अस्वस्थ कोडर, पिंपळे सौदागर

अरे कोडर,

आधी मित्राचं मिटवून टाकू, कारण त्याने तारीख दिलीय, आणि महिनाअखेरची तारीख देणाऱ्याला जी घाई असते ती त्याच्या गरजेची असते, तुझ्या फायद्याची नसते. ५ लाखाला २ टक्के म्हणजे कंपनीची किंमत झाली अडीच कोटी. त्या अडीच कोटीत आहे काय? गिऱ्हाईक किती, महिन्याला पैसे येतात किती, जातात किती, पार्टनर कोण, हातातले पैसे किती महिने पुरणार, यातलं एक अक्षर तुझ्या पत्रात नाही आणि तू विचारलं असशील असं मला वाटत नाही. कॉलेजच्या मित्राला असलं विचारायला कसंतरीच वाटतं, मान्य. मग पैसेही देऊ नको. "फ्लॅटचे पैसे आहेत, हात लावता येत नाही" एवढं सांग, खरंच आहे ते. मदतच करायची असेल तर दोन शनिवार बसून त्याचा बॅकएंड बघून दे, ते तुला येतं आणि त्याला बहुतेक त्याचीच जास्त गरज असेल.

आता ग्रॅहम. तुझ्या पत्रात "प्रोग्रामर, मग स्टार्टअप, मग इन्व्हेस्टर, आणि वर लेखक" हे सगळं एका ओळीत आलंय, जसं काही त्याने पंचविशीत वही घेऊन हे आखलं होतं आणि मग एकेक टप्पा गाठत गेला. घोळ इथेच आहे. त्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल बरंच मोकळेपणाने लिहिलंय, ते तू वाचलंच असशील, पण मला वाटतं तू शेवटाकडून वाचलंस. सुरुवातीकडून वाच, मग कळेल की त्यात प्लॅन नावाची गोष्टच फारशी नाहीये, भरकटणं आहे, आणि भरकटताना हातात कायम काहीतरी बनवायला घेतलेलं आहे.

जन्म १९६४ चा, इंग्लंडमधल्या वेमथचा. लहानपणीच घरचे अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहायला आले, वडील वेस्टिंगहाउसमध्ये, अणुभट्ट्यांच्या कामात. शाळेच्या तळघरात आयबीएम १४०१ मशीन होतं, पंचकार्डांवर फोरट्रान भाषेत प्रोग्राम लिहून त्याला भरवायचं, आणि गंमत म्हणजे या मशीनचं करायचं काय हेच त्याला कळेना, कारण प्रोग्रामला द्यायला डेटाच नव्हता. खरी मजा टीआरएस-८० हा घरगुती कॉम्प्युटर आल्यावर सुरू झाली, तोही वडिलांच्या मागे काही वर्षं भुणभुण लावल्यावर आला. मग कॉर्नेलला गेला तो कशासाठी? फिलॉसॉफी शिकायला! त्यात कंटाळला, मग एआयचं वेड लागलं (१९८० च्या दशकातलं एआय, आजचं नाही), लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा स्वतःच शिकला, पीएचडीला हार्वर्डमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षात त्याच्या लक्षात आलं की त्या काळी ज्याला एआय म्हणत होते त्यातून काही निघणार नाहीये. पण लिस्प त्याला आवडायचीच, म्हणून त्या भाषेवर पुस्तक लिहायला घेतलं, आणि बाजूला चित्रकलेचे क्लास. शेवटी १९९० मध्ये प्रबंध पाच आठवड्यांत उरकून पीएचडी खिशात घातली आणि पठ्ठ्या गेला आर्ट स्कूलला. ऱ्होड आयलंडला एक, मग इटलीत फ्लॉरेन्सच्या अकादमीत, जिथे त्याच्याच सांगण्याप्रमाणे मास्तर शिकवत नव्हते आणि पोरं शिकत नव्हती आणि दोघांनाही त्याची तक्रार नव्हती. म्हणून हा रात्री खोलीवर बसून एकटाच स्टिल लाइफ (समोर मांडलेल्या वस्तूंची चित्रं) रंगवायचा.

हार्वर्डची पीएचडी घेऊन हे. आपल्याकडे घरच्यांनी काय केलं असतं याची कल्पनाच करवत नाही.

आता तू जो मुद्दा काढलास, की त्यानेही नोकरी सोडलीच होती. हो, सोडली होती. इंटरलीफ नावाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो कामाला लागला तो पैसे नव्हते म्हणून, पगार चांगला होता, त्यातून कॉलेजचं कर्ज फेडलं, आर्ट स्कूलला परत जाण्यापुरते साठवले आणि मग बाहेर पडला. तो स्वतःच सांगतो की मी वाईट एम्प्लॉयी होतो, ऑफिसात बसून गुपचूप आपल्या पुस्तकाचं काम करायचो. त्यानंतरही त्याच कंपनीचं काम फ्रीलान्स करून पोट भरत होता. म्हणजे नोकरी सोडली तेव्हा ना बायको, ना हप्ता, ना घर. न्यूयॉर्कमध्ये भाडं गोठवलेल्या बारक्या जागेत राहायचा. त्याची "सोडली" आणि तुझी "सोडू का" या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत रे.

आणि हे नीट वाच, कारण तू ३१ चा आहेस. १९९५ चा उन्हाळा, ग्रॅहम तेव्हा ३० चा. बँकेत हजारएक डॉलर आणि सरकारचा टॅक्स त्याहून जास्त थकलेला, म्हणजे हिशोब केला तर शून्याच्याही खाली. मित्राच्या, रॉबर्ट मॉरिसच्या घरी झोपायचा, मित्राचा रूममेट नसला की त्याच्या खोलीत, जिथे पलंग नव्हता, चादर नव्हती, नुसती जमिनीवर टाकलेली गादी. या दोघांनी आधी आर्ट गॅलऱ्यांना वेबसाइट करून देण्याची कंपनी काढली होती. गॅलरीवाल्यांना वेबसाइट नकोच होती. फुकट देतो म्हटलं तरी नको! पण ते सॉफ्टवेअर थोडं फिरवलं तर दुकानदारांना ऑनलाइन दुकान काढून देता येईल असं त्यांच्या डोक्यात आलं, आणि एके सकाळी त्या गादीवर पडल्या पडल्या ग्रॅहमला सुचलं की हे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर टाकायचंच कशाला, आपल्या सर्व्हरवर चालवू आणि तो ब्राउझरमधल्या लिंका दाबून दुकान चालवेल. आज आपण शेंबड्या पोरालाही वेब ॲप म्हणजे काय ते सांगू, पण १९९५ मध्ये हे होईल की नाही याची त्यांनाही खात्री नव्हती, आधी करून बघावं लागलं. त्याचं झालं वायावेब.

पहिले पैसे दिले ज्युलियन वेबर यांनी. त्यांची बायको आयडेल वेबर या चित्रकार, ग्रॅहमने त्यांच्याकडे हार्वर्डमध्ये चित्रकला शिकली होती, न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या स्टुडिओत हाताखाली कामही केलं होतं. १०,००० डॉलर दिले, १० टक्के घेतले, शिवाय कंपनीची सगळी कायदेशीर कागदपत्रं करून दिली आणि धंदा म्हणजे काय हे शिकवलं. तुझ्या मित्राच्या ऑफरशी हे ताडून बघ जरा. तू त्याला पैशाशिवाय काय देणार आहेस?

दुकानदार स्वतः दुकान बनवतील अशी कल्पना होती, पण सुरुवातीला एकही जण स्वतःहून बनवेना, म्हणून मग हीच मंडळी लोकांची दुकानं बनवून द्यायची. ग्रॅहमने लिहिलेली एक गोष्ट मला फार आवडते. पुरुषांच्या शर्टांचे फोटो त्याने स्कॅन केले, अख्खा शर्ट दिसेल असे, छान सुबक, आणि मग त्याला कळलं की स्क्रीनवर एवढुशा फोटोत अख्खा शर्ट दाखवण्यापेक्षा कॉलर जवळून दाखवलेली बरी, कापड कळतं. झालं, तीसएक शर्ट पुन्हा स्कॅन करत बसला. हार्वर्डचा डॉक्टर, लिस्पवर पुस्तक लिहिलेला माणूस, आणि कॉलरी स्कॅन करतोय. धंदा तो इथे शिकला. पुढे स्टार्टअपवाल्यांना तो जे सांगत राहिला ना, की सुरुवातीला गिऱ्हाइकांकडे स्वतः जा, हाताने करावी लागणारी कामं हाताने करा, ते कुठल्या एमबीएच्या पुस्तकातून आलेलं नाही, या असल्याच कामातून आलंय. १९९६ च्या जानेवारीत ६ दुकानांवर सुरुवात, वर्षाखेर ७० च्या आसपास, त्याच्या पुढच्या वर्षाखेर ५००. महिन्याला १०० डॉलर छोट्या दुकानाला, ३०० मोठ्याला. १९९८ मध्ये याहूने ते विकत घेतलं, साधारण ४ कोटी ९० लाख डॉलरच्या शेअर्समध्ये. आणि हो, यात नशीब मोठं आहे, तो डॉटकॉमचा फुगा फुगत होता तो काळ, दोनतीन वर्षं उशीर झाला असता तर तुला आज त्याचं नाव माहीत नसतं.

१९९९ मध्ये याहू सोडलं. ही दुसरी नोकरी, आणि ही सोडताना खिशात पैसे होते. आता तुला वाटेल, पैसे आले की लगेच इन्व्हेस्टर झाला असेल. नाही ना! ही गोष्ट तुझ्यासाठी सगळ्यात कामाची आहे म्हणून थांबून सांगतो. याहूने कंपनी घेतली तेव्हापासून एंजल इन्व्हेस्टिंग करायचं करायचं असं त्याच्या मनात होतं आणि सात वर्षं त्याने ते केलंच नाही. चित्रं काढली, नवीन लिस्प बनवायला घेतली, निबंध लिहिले, पण एका स्टार्टअपमध्ये पैसा घातला नाही. २००५ च्या मार्चमध्ये हार्वर्डच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये पोरांसमोर भाषण दिलं, विषय स्टार्टअप कसं काढायचं, आणि त्यात सांगून बसला की पहिले पैसे अशा माणसाकडून घ्या ज्याने स्वतः कंपनी काढून विकलीय. सगळी पोरं याच्याच तोंडाकडे बघायला लागली. हा घाबरला, आता हे सगळे बिझनेस प्लॅन पाठवणार, म्हणून घाईघाईने म्हणाला, पण मला नका विचारू. नंतर त्याचंच त्याला वाईट वाटलं. त्याच महिन्यात एका रात्री जेवून घरी चालत येताना त्याने आणि त्याची तेव्हाची मैत्रीण जेसिका लिव्हिंगस्टन हिने ठरवलं की आपणच काढू, आणि रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल या वायावेबच्या जुन्या दोस्तांना सोबत घेऊन वाय कॉम्बिनेटर ही नव्या स्टार्टअपना पहिले पैसे आणि सल्ला देणारी कंपनी सुरू झाली.

म्हणजे बघ, करोडो रुपये असलेल्या, कंपनी विकलेल्या माणसाला पहिला चेक लिहायला सात वर्षं लागली. आणि तू फ्लॅटच्या पैशातून महिनाअखेरपर्यंत लिहिणार आहेस.

एक आगाऊ सूचना. ही गोष्ट सांगताना लोक जेसिकाला विसरतात, तूही विसरलास, तुझ्या पत्रात तिचं नाव नाही. माणसं ओळखणं हा वाय कॉम्बिनेटरचा निम्म्याहून जास्त धंदा होता आणि तो डोळा तिचा होता, असं ग्रॅहम स्वतः वारंवार सांगत आलाय. बाकीचे तिघं टेक्निकल प्रश्न विचारत बसायचे आणि समोरचा माणूस कसा आहे हे ती बघायची. पुढे २००८ मध्ये त्यांनी लग्न केलं. तुझी बायको बँकेत आहे म्हणतोस. ती म्हणते डोकं फिरलंय का, तर जरा विचार की नक्की कशावरून म्हणतेस. कर्ज मागायला येणारी माणसं रोज बघणारी बाई आहे ती, तुझ्या मित्राबद्दल तिचं मत काय आहे हे तू मला कळवलंच नाहीस.

इन्व्हेस्टिंगचा हिशोबही ऐक. पहिल्या उन्हाळ्यात वाय कॉम्बिनेटरकडे २२५ अर्ज आले, ८ कंपन्या घेतल्या. प्रत्येक फाउंडरमागे ६,००० डॉलर, म्हणजे दोघांच्या कंपनीला १२,०००, आणि त्यांनी घ्यायचे ६ टक्के. त्या आठांत कोण होतं? रेडिट काढणारी पोरं होती, ज्यांनी मुळात फोनवरून जेवण ऑर्डर करायची कल्पना आणली होती, ती नाकारली आणि मग सांगितलं की तुम्ही या पण दुसरं काहीतरी करा. १९-२० वर्षांचा सॅम ऑल्टमन होता, पुढे चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा प्रमुख झाला तो. जस्टिन कान आणि एमेट शियर होते, त्यांचं ऑनलाइन कॅलेंडर गूगलने स्वतःचं काढल्यावर बुडालं आणि त्यांनी ते चक्क ईबेवर विकून टाकलं. तीच दोघं पुढे काय काय करत ट्विच या गेमिंगचे व्हिडिओ लाइव्ह दाखवणाऱ्या साइटपर्यंत पोचली आणि २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते साधारण ९७ कोटी डॉलरना घेतलं. म्हणजे कल्पना बुडाली, माणसं तरली, आणि मधे नऊ वर्षं गेली. एअरबीएनबीची कल्पना तर ग्रॅहमला अजिबात पटली नव्हती, परक्या माणसाच्या घरी कोण झोपेल. पण त्या पोरांनी कंपनी जगवायला ओबामाच्या नावाचे, नाश्त्याला दुधात घालून खातात त्या सीरियलचे खोके ४० डॉलरला एक असे विकले होते, ते ऐकून घेतलं त्यांना. आता हा धंदा चालतो तो असा की बहुतेक कंपन्या बुडणार हे आधीच धरलेलं असतं आणि शेकड्यातल्या एकदोन इतक्या मोठ्या होतात की सगळ्यांचं भरून निघतं. शेकड्यातल्या, बरं का. तुझे १८ लाख म्हणजे ५-५ लाखाचे तीन चेक, आणि तिन्ही बुडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणत नाहीत, त्यापेक्षा म्हाडाची लॉटरी भर, हरलास तर डिपॉझिट तरी परत येतं.

आता लिहिण्याकडे येऊ, कारण मला वाटतं तुला खरं तेच हवंय, इन्व्हेस्टर वगैरे वरचं आहे.

त्याचे निबंध लोक वाचतात ते तो श्रीमंत आहे म्हणून नाही, किमान सुरुवातीला तरी नाही. २००१ च्या सुमारास एका लिस्प कॉन्फरन्समध्ये वायावेबमध्ये लिस्प कशी वापरली यावर तो बोलला, ते भाषण वेबसाइटवर टाकून दिलं आणि एका दिवसात ३०,००० वेळा ते उघडलं गेलं. छापील जमान्यात हे कोणी छापलं नसतं. पण त्यात काय होतं बघ, "मी ही भाषा वापरून खरं दुकान चालवलं, स्पर्धक मागे का पडले ते सांगतो." २००२ मध्ये त्याने स्पॅम मेलवर लिहिलं. त्या काळी स्पॅम अडवायचं म्हणजे लोक हाताने नियम लिहायचे. याने स्वतःच्या मेलमधले शब्द मोजले, कोणता शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि खऱ्या मेलमध्ये किती, आणि त्यावरून शक्यता काढली. हजारातले पाच स्पॅम सुटले आणि एकही खरा मेल अडकला नाही असा त्याचा निकाल होता. आणि त्यात त्याला सापडलं काय, तर एफएफ०००० हा कोड, म्हणजे एचटीएमएलमधला भडक लाल रंग, हा कुठल्याही अश्लील शब्दाइतकाच स्पॅमचा पक्का पुरावा आहे! हे घरी बसून विचार करून सुचत नाही, मोजल्यावरच दिसतं. पुढे २००४ मध्ये असे निबंध जमवून त्याचं हॅकर्स अँड पेंटर्स पुस्तक आलं.

आता तुझ्या लिंक्डइन पोस्टी. मी तुझं प्रोफाइल पाहिलेलं नाही, पण "फाउंडर लोकांसाठी" म्हणजे कसं लिहीत असशील याचा अंदाज आहे, एक ओळ, मग मोकळी जागा, मग अजून एक ओळ, शेवटी "ॲग्री?" तू फाउंडर नाहीस रे. फाउंडरला तू काय सांगणार? तुला जे येतं ते सांग ना. आठ वर्षं बॅकएंड केलंयस, रात्री अडीचला प्रॉडक्शन पडलं असेल, महिन्याच्या शेवटच्या दिवशी बॅच जॉब अडकला असेल, एका फालतू इंडेक्समुळे क्वेरी चार मिनिटं चालत होती ती चार सेकंदांवर आली असेल. त्यातली एक गोष्ट घे आणि काय मोजलं, काय वाटलं होतं, निघालं काय, हे सगळं लिही, क्लायंटचं नाव आणि डेटा बाहेर न काढता अर्थात. ५० लाइक येतील, फाउंडरवाल्या पोस्टला ५०० येतात, येऊ देत. त्या पन्नासांत तुझ्यासारखं काम करणारी चार माणसं असतील आणि त्यातला एखादा पुढे पार्टनर होईल. मॉरिस आणि ब्लॅकवेल ग्रॅहमला लिंक्डइनवर भेटले नव्हते, कामातून आणि कॉलेजातून भेटले होते, आणि मॉरिस म्हणजे तोच, ज्याच्या प्रोग्रामने १९८८ मध्ये तेव्हाच्या इंटरनेटचा मोठा भाग लोळवला होता. असली माणसं आसपास असणं हे नशीबही आहे आणि ती टिकवणं हे कामही आहे.

इंग्रजी की मराठी. बघ, बॅकएंडवर लिहिणार असशील तर इंग्रजीत लिही, वाचणारे तिथे आहेत, त्यात काही कमीपणा नाही. फक्त ग्रॅहमची नक्कल करू नको, ती छोटी छोटी ठाम वाक्यं त्याला शोभतात कारण मागे काम आहे, दुसऱ्याने केली की ज्योतिषी बोलल्यासारखी वाटतात. आणि "मराठीत कोण वाचणार" हे मला पटलं नाही, सांगली-नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं इंटरव्ह्यूची तयारी करताना कोणीतरी मराठीतून समजावून सांगणारा शोधत असतात, एखादा लेख त्यांच्यासाठीही टाकून बघ. इंग्रजीवरून आठवलं, हा तुझा ग्रॅहम काही देवमाणूस नाही. २०१३ मध्ये एका मुलाखतीत म्हणाला होता की फार जड परदेशी ॲक्सेंट असलेले सीईओ आम्हाला मागे पडताना दिसतात. गदारोळ झाला, मग खुलासा केला की समोरच्याला समजतच नाही इतका जड ॲक्सेंट असेल तर, असं म्हणायचं होतं. मुद्द्यात थोडं तथ्य असेलही, पण जगभरातून येणाऱ्या पोरांना निवडणाऱ्या खुर्चीत बसून हे बोलताना दहा वेळा विचार करायला हवा होता. त्याचे निबंध वाचताना ही सवय ठेव, की हा माणूस एका ठरावीक जागेवरून जग बघतोय, हार्वर्ड, ते आहे ते अमेरिकेतलं केंब्रिज, सिलिकॉन व्हॅली, आणि तिथून जे दिसत नाही ते त्याच्या निबंधात नसतं. घराचा हप्ता नसतो, सासूसासरे नसतात, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड नसतो.

मग करायचं काय. नोकरी सोडू नको, आत्ता तरी नको. ऑफर लेटर काढ आणि मूनलायटिंगचं (नोकरी चालू असताना बाहेर दुसरं काम करण्याचं) आणि तुम्ही लिहिलेल्या कोडची मालकी कोणाची याचं कलम नीट वाच, समजलं नाही तर ओळखीच्या वकिलाला दाखव. कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःची एक ओळ लिहायची नाही. मग एक खरा माणूस शोध ज्याची एखादी कटकट तू सॉफ्टवेअरने कमी करू शकतोस, लांब नको, पिंपळे सौदागरमध्ये क्लासवाले असतील, सोसायटीचे खजिनदार असतील, मेडिकलचा होलसेलवाला असेल. त्याच्याकडे शनिवारी जाऊन बस, तो काय करतो ते बघ, आणि तुझी कल्पना त्याच्या गळ्यात मारू नको. गॅलरीवाल्यांसारखं "नको" ऐकायला मिळेल, ते घरी बसून कळणार नाही. पैसे देऊन वापरणारा एक माणूस मिळाला की मला लिही. पैसे देऊन, फुकट वापरणारे मोजायचे नाहीत. तोपर्यंत वाय कॉम्बिनेटरचा विचार नको. पुढे कधी करावासा वाटला तर अर्ज कोणीही करू शकतो, रेझरपे २०१५ मध्ये तिथून गेलंय, मुंबईत सुरू झालेलं झेप्टो २०२१ मध्ये. आता ते एका कंपनीत ५ लाख डॉलर घालतात, त्यातल्या सव्वा लाखाचे ७ टक्के घेतात आणि बाकीच्या पैशाची किंमत पुढच्या फंडिंगला ठरते.

आणि मन उडालंय म्हणतोस त्याचं. त्यासाठी स्टार्टअपच लागतं असं नाही, टीम बदलून किंवा कंपनी बदलूनही बऱ्याच जणांचं भागतं, जिथे कॉल कमी आणि कोड जास्त अशा जागा पुण्यात आहेत. ग्रॅहमचाच एक मुद्दा आहे ना, की बनवणाऱ्याला सलग अर्धा दिवस लागतो आणि मॅनेजरचा दिवस तासातासाने कापलेला असतो, दुपारी अडीचचा एक कॉल अख्खी दुपार खातो. तो घेऊन मॅनेजरकडे जा. आठवड्यातल्या दोन सकाळी कॉलशिवाय मिळतात का विचार. नाही म्हणाला तर रेझ्युमे अपडेट कर.

इन्व्हेस्टर होण्याचं आत्ता डोक्यातून काढ. एक सांगतो, २०१० मध्ये रॉबर्ट मॉरिसने, जो कधी कोणाला सल्ला देत नाही, न विचारता ग्रॅहमला सांगितलं की वाय कॉम्बिनेटर ही तू केलेली शेवटची भारी गोष्ट ठरू नये एवढं बघ. यशाच्या ऐन शिखरावर. त्याला ते लागलं, आणि २०१४ मध्ये सगळं सॅम ऑल्टमनच्या हातात देऊन तो बाजूला झाला, आधी चित्रं काढत बसला, मग २०१५ ते २०१९ परत एक लिस्प लिहीत बसला. तू ज्या खुर्चीसाठी नोकरी सोडायला निघालास, ती खुर्ची सोडून तो कोड लिहायला परत गेला, आणि कोड लिहायची जागा तुझ्याकडे आत्ता आहे, पगारासकट.

घरच्यांचं राहिलं. १८ लाख तुझे एकट्याचे नाहीत, अर्धे तिचे आहेत, तेव्हा त्यातून काय करायचं हे तू एकट्याने ठरवून तिला सांगायचं नव्हतं, दोघांनी ठरवायचं होतं. तिच्यासोबत बसून एक रक्कम वेगळी काढा, सहा महिन्यांचा घरखर्च वगैरे सगळं बाजूला ठेवून मग जे उरेल त्यातली, बुडाली तरी भांडण होणार नाही एवढी. सर्व्हर, डोमेन, एखादा वकील, यापुरती पुष्कळ होते, उरलेल्यात वाकडचं बुकिंग करून टाका. वडिलांना तू स्वतः फोन कर, निबंध, एंजल वगैरे काही काढू नको, नोकरी सोडत नाहीये आणि फ्लॅटचे पैसे जागेवर आहेत एवढं आधी सांग, मग बाकीचं बोल.